मोठ्या टायरचा हिशेब

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात टायरच्या मापावर जेवढी चर्चा झाली, तेवढी कुणाच्या लग्नावरही झाली नसेल. मी शिक्षक माणूस. उर्दू आणि मराठी शिकवतो. एका तासाला ‘पहिया’, पुढच्या तासाला ‘चाक’. टायर हा काही माझा विषय नाही. पण पुतण्याने घरच्या जुन्या कॅम्परला ३१ इंची टायर बसवायचं ठरवलं आणि मलाही त्यातलं बरंच शिकावं लागलं. ते इथे लिहितोय, कारण अशी जुनी पिकअप आपल्या जालना जिल्ह्यात बऱ्याच शेतवस्त्यांवर उभी असते. तिला मोठे टायर घालायची इच्छा असलेली पोरंही कमी नाहीत. लोक त्यांना हौशी म्हणतात. प्रत्येक वेळी ती हौसच असते असं नाही.

आमची वस्ती अंबड तालुक्यात आहे. गोदावरीच्या बाजूची काळी, खोल जमीन. भाईजानची मोसंबीची बाग आहे, आणि मोसंबी वाहायला त्यांनी काही वर्षांपूर्वी एक जुनी बोलेरो कॅम्पर घेतली. पुढे पाच जणांची जागा, मागे उघडा हौदा. आम्ही तिसरे मालक. गाडी फोर बाय फोर, म्हणजे गरज पडली तर चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते. निदान कागदावर तरी तसं होतं. ही गाडी कॅरेट वाहते, खत आणते, लग्नाला पाहुणे नेते, आणि वस्तीवर कुणी आजारी पडलं की दवाखान्याची गाडीही तीच.

सप्टेंबरमधली गोष्ट. दोन दिवस झड लागली होती. फजरच्या आधी अम्मी उठल्या आणि वजूला बसताना कोसळल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द जड झाले. पुतण्याने लगेच ओळखलं, हा पक्षाघात आहे. त्याने दादीला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं आणि गाडी काढली. वस्तीपासून डांबरी रस्ता पाऊण किलोमीटर. मधे एक खोलगट जागा आहे, तिथे ओघळाचं पाणी साचतं. गाडी तिथे बसली. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि प्रत्येक फेऱ्याला खाली जात राहिली. मी जालन्यात फोन कानाला लावून उभा होतो. मला फक्त इंजिनचा आवाज आणि भाईजानचं ‘या अल्लाह’ ऐकू येत होतं. शेवटी शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, गाडी ओढून काढली.

पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागतो. आम्ही जालन्यात पोचून स्कॅन होईपर्यंत ती वेळ टळून गेली होती. अल्लाहचा शुक्र, अम्मी आमच्यात आहेत. बोलतात, हसतात, सुनांना रागावतात. उजवा हात मात्र परत आला नाही. तस्बीह आता डाव्या हातात असते.

हे सगळं सांगितल्याशिवाय टायरची गोष्ट कळणार नाही. आंबे बहाराचे पैसे हातात आले तेव्हा पुतण्या माझ्याकडे आला आणि म्हणाला, “चाचा, मेरेकु बडे टायर होना.” त्याने मोबाईलवर बरंच काही पाहून ठेवलं होतं. ३१ इंची, साडेदहा इंच रुंद, चिखलासाठीचे खोल दातांचे टायर. त्यांच्यासाठी रुंद डिस्क. शिवाय गाडी उचलायला कमानपाट्यांखाली ठोकळे, आणि जिथे घासेल तिथे मडगार्ड कापायचे. सगळं मिळून लाखाच्या आसपास खर्च. भाईजान चिडले. म्हणाले, “शादी का घोडा बनाने निकला गाडी को.” पण पोराच्या चेहऱ्यावर हौस दिसत नव्हती. सप्टेंबरच्या त्या पहाटेचे तास त्याला परत मिळवायचे होते, आणि ते टायरच्या दुकानात मिळतील असं त्याला वाटत होतं.

मी त्याला ‘नको’ म्हटलं नाही. म्हटलं, आधी उस्तादांना विचारू.

उस्तादांचं दुकान जालन्यात अंबड रस्त्याला आहे. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, बाहेर रचलेले जुने टायर. शाळा सातवीपर्यंत, त्यानंतर पंक्चर, आणि आता तीस वर्षांचा अनुभव. ‘पंक्चरवाला’ हा शब्द आजकाल आपल्या समाजासाठी टोमणा म्हणून वापरला जातो, हे वाचकांना सांगायला नको. मोबाईलवर कुठलीही बातमी उघडा, खाली कुणीतरी हा शब्द लिहिलेलाच असतो. माझ्या वर्गातल्या मुलांनाही तो माहीत आहे. त्यातले काहीजण संध्याकाळी अशाच दुकानात बसतात, आणि ते शाळेत सांगत नाहीत. म्हणून त्या दिवशी उस्तादांनी आम्हाला कसं शिकवलं ते मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

त्यांनी आधी टायर दाखवलाच नाही. विचारलं, “भैया, गाडी कायकु अटकी, पैले वो बोल.” पुतण्या म्हणाला, चिखल होता. उस्ताद म्हणाले, चिखल तर सगळ्यांनाच असतो. खालचा गोळा चिखलाला टेकला होता का? म्हणजे मागच्या धुऱ्याच्या मधला तो लोखंडी गोळा, डिफरन्शियल. की गोळा वर होता आणि चाकं नुसतीच फिरत होती? पुतण्याने आठवून सांगितलं: आधी चाकं फिरली, मग फिरता फिरता खाली गेली. मागे माल होता? नाही. हवा किती होती? माहीत नाही. पुढची चाकं फिरत होती का? यावर पुतण्या गप्प झाला. अंधारात पुढे कुणी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी खडू घेतला. आमच्या टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असं कोरलेलं आहे. मी बीएड केलं, वीस वर्षं शिकवतोय, पण हा आकडा कधी वाचला नव्हता. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे डिस्कचा व्यास, इंचात. गंमत बघा, एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच, तिन्ही नांदतात. १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की टायरचा पूर्ण व्यास निघतो सुमारे ७०४ मिलिमीटर, म्हणजे पावणेअठ्ठावीस इंचांच्या जरा खाली. ३१ इंची टायरचा व्यास ७८७. फरक ८३.

पुतण्याला वाटत होतं की गाडी एवढी सगळी वर उचलली जाणार. उस्तादांनी मान हलवली. चाकाचा मध्य धुऱ्यावर असतो. व्यास वाढला तरी धुरा वर जातो फक्त त्याच्या निम्म्याने. म्हणजे ४२ मिलिमीटर, बोटांनी मोजली तर अडीच बोटं. ठोकळे लावून गाडी कितीही उचला, धुरा आणि तो गोळा टायरने उचलला तेवढाच वर जाणार. ठोकळ्याने वर जातो तो फक्त सांगाडा. आमच्या खोलगट जागेतला चिखल वीतभर होता.

नंतर त्यांनी दुकानातला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा ३१ इंची टायर बाहेर काढला. आमच्या स्टेपनीवर आणि त्या टायरवर खडूची एकेक खूण केली, जमिनीवर रेघ मारली आणि पुतण्याला दोन्ही टायर एकेक फेरा लोटायला सांगितलं. सुतळीने माप घेतलं. आमचा टायर एका फेऱ्यात सव्वासात फूट गेला. मोठा आठ फूट एक इंच. “आता इंजिन तेच, गियर तेच,” ते म्हणाले, “पण दर फेऱ्याला दहा इंच जास्त ढकलायचं. कुठून आणणार?”

हा वर्गातल्या गुणोत्तर-प्रमाणाचा हिशेब आहे. टायर सुमारे १२ टक्के मोठा, म्हणजे इंजिनची जी ताकद रस्त्यावर उतरते ती दहा टक्क्यांहून जरा जास्तच कमी होते. पहिल्या गियरमध्ये चढ चढताना क्लच जास्त जळतो. काट्यावर ६० दिसतं तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६७ ने धावत असते. मीटरवर शंभर किलोमीटर पडतात तेव्हा गाडी एकशे बारा गेलेली असते. मग पोरं म्हणतात ॲव्हरेज पडलं. पडलेलं असतंच, पण दिसतं त्याहून थोडं कमी.

ब्रेकची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, आणि ती उस्तादांनी पान्यावर समजावली. नट निघत नसेल तर पान्याला पाईप लावून दांडा लांब करतात, मग तोच हात जास्त जोर लावतो. टायर मोठा झाला की रस्त्याच्या हातात असा लांब दांडा येतो. ब्रेक तेवढाच राहतो, आणि त्याला लांब दांड्याशी झुंजावं लागतं. शिवाय मोठा टायर आणि रुंद डिस्क वजनाने जड; फिरती जड वस्तू थांबवायला आणखी जोर. गाडीत वीस-पंचवीस कॅरेट आणि पुढे माणसं असतील तर उतारावर हा फरक कुठे दिसेल ते सांगायला नको. रुंद डिस्क बाहेर निघाली की चाकाच्या बेअरिंगवर तिरका भार येतो. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला किंवा सांगाड्याला घासतो. रिकाम्या गाडीत घासला नाही तरी भरल्यावर घासेल. आणि ठोकळ्यांवर उचललेली गाडी बांधावरून तिरकी उतरताना कलंडायची भीती वाढते.

एवढं ऐकून पुतण्या म्हणाला, “ठीक आहे, नुकसान होऊ द्या. पण चिखलातून निघेल ना?”

हा प्रश्न बरोबर होता. गाडी अडकल्यावर माणूस काय किंमत द्यायला तयार होतो ते त्याने पाहिलं होतं.

आपली काळी माती ज्याने तुडवली आहे त्याला ठाऊक आहे की ती दोन प्रकारे छळते. खोल भिजली की बुड सापडत नाही, आणि अर्धवट भिजली की चाकाला चिकटून बसते. चिकट माती टायरच्या दातांत भरली की दात उरत नाहीत. मग रुंद टायर आणि गुळगुळीत लाटणं यात फरक नाही. शेतकरी यावर एकच उपाय जाणतो: वाफसा येऊ द्या. पण आजारी माणूस वाफशाची वाट पाहू शकत नाही.

आपल्याकडच्या जुन्या बैलगाडीचं चाक आठवा. माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच, आणि धाव मात्र चार बोटांची. ती धाव बसवणंही मापाचंच काम होतं. लोखंडी पट्टीचा गोल लाकडी चाकापेक्षा किंचित लहान करायचा, गोवऱ्यांच्या विस्तवात लाल करायचा, फुगला की चाकावर चढवायचा आणि पाणी ओतायचं. निवताना तो आवळला जातो आणि सगळे आरे घट्ट धरतो. थोडा मोठा झाला तर महिनाभरात निघून पडणार, थोडा लहान झाला तर चढणारच नाही. सुतार आणि लोहार दोघे मिळून ते माप काढायचे, आणि त्यांच्याकडे मिलिमीटरची पट्टी नव्हती. उंच पण अरुंद चाक चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जातं आणि तिथे पाय रोवतं. रुंद टायर वर तरंगायचा प्रयत्न करतो. वाळूत ते उपयोगी, आपल्या चिखलात दरवेळी नाही.

आमच्या गाडीचं कूळ ज्या जीपपासून सुरू होतं, तिचंही असंच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे टायर ६.०० - १६ मापाचे होते, रुंदी जेमतेम सहा इंच. युरोपचा चिखल आणि ब्रह्मदेशचं जंगल ती त्याच टायरवर तुडवत गेली. त्या जीपबद्दल एक गोष्ट आमच्या बऱ्याच तरुणांना माहीत नसते. १९४५ साली लुधियानात जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली, तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. १९४७ मध्ये जीपचं काम सुरू झालं. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा त्याने बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, “तो आधी गाडी अपनी थी!” हसलो आम्ही. पण नंतर मला वाटलं, गाडी अजूनही आपलीच आहे, कारण तिच्यात बसून आपण दवाखान्यात जातो.

तर चिखलात चाक का फिरतं? उस्तादांनी सांगितलेली पुढची गोष्ट मला सर्वांत नवी होती. टायर जमिनीला किती टेकतो ते मुख्यतः त्यातल्या हवेवर ठरतं. चाकावर समजा ५०० किलो भार आहे. हवा ४० पौंड असेल तर तो भार उचलायला ढोबळमानाने एका मोठ्या पंजाएवढी जागा पुरते. हवा २० वर आणली की टायर पसरतो आणि टेकणारी जागा जवळपास दुप्पट होते. मोठा टायर घालून हवा तेवढीच ठेवली तर टेकणाऱ्या जागेचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. म्हणजे लाखभर रुपये खर्चून जे मिळणार नाही ते व्हॉल्व्ह दाबून फुकट मिळतं. मात्र अट कडक आहे. कमी हवेवर फक्त चिखलाचा तुकडा पार करायचा, तोही पायी चालण्याच्या वेगाने. डांबरावर चढायच्या आधी हवा भरायलाच हवी, म्हणून गाडीत बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि गेज ठेवायचं. कमी हवेचा टायर वेगाने पळवला तर त्याच्या भिंती वाकून वाकून तापतात आणि फुटतात. समृद्धी महामार्ग आपल्या जालन्यावरूनच जातो. तो सुरू झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. नंतर तिथे परिवहन खात्याने टायर तपासायलाही सुरुवात केली. लांबलचक सरळ रस्ता, वेग, उन्हाळा, आणि त्यात झिजलेला किंवा हवा कमी असलेला टायर.

मग उस्ताद गाडीखाली गेले. पाठीवर झोपून, टॉर्च घेऊन. पाच मिनिटांनी आवाज आला, “सर, जरा इधर आव.” मी वाकून पाहिलं. पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट तिथे नव्हताच. आधीच्या कुठल्यातरी मालकाने डिझेल वाचवायला तो काढून ठेवला असणार. जुन्या गाड्यांत असं करतात. म्हणजे आमची फोर बाय फोर आमच्या घरी आली तेव्हापासून दोन चाकांवरच चालत होती. त्या पहाटे पुतण्याने फोर बाय फोरचा दांडा ओढला होता, आणि दांडा ओढून काहीही झालं नव्हतं. मागचे दोन्ही टायर तर उस्तादांनी नुसता अंगठा फिरवून सांगितले: “गोटा हो गए.” रिकाम्या पिकअपचं मागचं अंग आधीच हलकं, त्यात गोटा टायर, त्यात टणक भरलेली हवा.

पुतण्या बराच वेळ बाहेरच्या टायरच्या ढिगावर बसून राहिला. मी त्याच्याजवळ गेलो तर म्हणाला, “चाचा, शाफ्ट रहता तो निकलती थी ना गाडी?” मी म्हटलं, कदाचित. आणि दादीचा हात? मी म्हटलं, ते ना तुला माहीत, ना मला, ना डॉक्टरांना. तो शाफ्ट तू काढला नव्हतास, बाळा. त्या दिवशी तू पाऊण किलोमीटर दादीला उचलून नेण्याचीही तयारी केली होतीस.

उस्तादांनी ३१ इंची टायर बसवायला नकार दिला. ते विकून त्यांना चांगले पैसे मिळाले असते, आणि जालन्यात कुणीतरी ते बसवून दिलेच असते. त्यांनी आम्हाला त्याच मापाचे, २१५/७५ आर १५ चेच, पण खोल दातांचे टायर दिले, जे डांबरावर आणि कच्च्यावर दोन्हीकडे चालतात. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला शिकवलं: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे टायर कधी बनला ते. दुकानात नवा म्हणून पाच वर्षं पडून राहिलेला टायर घेऊ नका, असं बजावलं. शाफ्ट शोधायला आठ दिवस लागले. ज्या शहरात ट्रकच्या ट्रक भंगार वितळून सळई बनते, तिथे एक चांगला शाफ्ट भट्टीत जाण्याआधी हाती लागणं म्हणजे नशीबच. एकूण खर्च ठरवलेल्याच्या निम्म्याहूनही कमी झाला.

कायद्याचंही सांगून टाकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो. आपल्या पोरांना रस्त्यावर आधीच कमी वेळा अडवतात असं नाही. त्यात अडवायला एक खरं कारण कशाला द्यायचं?

आता एक गोष्ट मला सलते, ती लिहितो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असं मराठीत म्हणतात, उर्दूत ‘जितनी चादर उतने पाँव’. दोन्ही भाषा शिकवताना ही जोडी मी फळ्यावर लिहून दाखवतो, मुलांना आवडते. पण ही म्हण ऐकवतं कोण आणि ऐकतं कोण? गरिबाच्या पोराला, आपल्या समाजातल्या पोराला ती जास्त ऐकवली जाते. मापात राहा. मोठी स्वप्नं नको, मोठा आवाज नको, मोठे टायर नको. म्हणून ‘नको’ या शब्दाची मला धास्ती वाटते. भाईजानचं ‘नको’ हे तसलंच होतं, जरी ते मायेपोटी आलं होतं.

उस्तादांचं ‘नको’ वेगळं होतं. त्यांनी आधी विचारलं की तुला काय हवंय. मग सुतळीने मोजून दाखवलं की तुला जे हवंय ते या वस्तूत नाही. आणि मग ते जिथे आहे तिथे नेलं, गाडीच्या पोटाखाली. माझ्या विद्यार्थ्याला मी ‘नको’ म्हणेन तेव्हा ते असं असावं, एवढं मी त्या शेडमध्ये शिकलो. ज्यांना ‘पंक्चरवाला’ ही शिवी वाटते त्यांनी एकदा आपला टायर घेऊन अशा दुकानात बसावं. आपल्या मुलांनीही संध्याकाळी कुठे काम करता ते शाळेत सांगायला लाजू नये.

निघताना उस्ताद म्हणाले, “टायर का काम मैं कर दिया सर. रस्ते का काम तुमारा.” ते खरंच आहे. टायर, शाफ्ट, हवा हे सगळं करूनही ती पाऊण किलोमीटर तशीच आहे. ज्याच्याकडे फोर बाय फोर नाही त्याने काय करायचं? शेजारच्या काकांच्या सुनेचं बाळंतपण पावसाळ्यात आलं तर ट्रॅक्टरवर बसवून न्यायचं? एकाची गाडी उंच झाली म्हणून वस्तीचा रस्ता होत नाही.

म्हणून हिवाळ्यात मी अर्ज लिहिला. भाषा शिक्षकाचा एवढा तरी उपयोग. पाणंद रस्त्यांसाठी शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आणली. वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून वाट मागता येते, आणि असलेली वाट कुणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली ती मोकळी करून मागता येते. हे आपल्या गावातल्या किती जणांना ठाऊक आहे? आमच्या अर्जावर अकरा खातेदारांच्या सह्या आहेत, त्यात सर्व समाजांचे लोक आहेत. दोन जणांची अजून तयारी नाही, त्यांचा बांध थोडा आत सरकेल. त्यांच्याकडे चहाला जाणं चालू आहे.

तोवर लोकवर्गणी करून खोलगट जागेत दगड आणि मुरूम टाकला आणि ओघळाच्या पाण्याला खालून नळी दिली. पुतण्याने दोन दिवस कॅम्परने मुरूम वाहिला. त्याच्या डॅशबोर्डवर आता हवेचं गेज असतं, आणि वस्तीवरच्या बाकीच्या गाड्यांची हवाही तोच तपासतो. आठवड्यातून दोनदा तो अम्मीला पुढच्या सीटवर बसवून व्यायामाच्या उपचारासाठी अंबडला नेतो. पट्टा तोच लावतो, कारण अम्मींना एका हाताने तो लागत नाही. मुरूम टाकलेल्या जागेशी आलं की त्या दरवेळी दाराची कडी धरतात. तो म्हणतो, “दादी, कुछ नै होता,” आणि सावकाश गाडी पलीकडे काढतो.